यादीतलं प्रत्येक नाव माणसाचं नसतं

सेकंडहँड लॅपटॉप घेतला किंवा ऑफिसातला जुना पीसी आपल्या वाट्याला आला, की कुणी ना कुणी जाणकार सांगतोच : कमांड प्रॉम्प्ट उघड, 'नेट युजर' टाइप कर, मशीनवर कोण कोण आहे ते कळेल. सल्ला बरोबर आहे. घोळ होतो तो एंटर दाबल्यानंतर.

काळ्या खिडकीत आधी कॉम्प्युटरचं नाव येतं, त्याखाली तुटक रेघ आणि मग तीन रकान्यांत नावं. ॲडमिनिस्ट्रेटर, डिफॉल्टअकाउंट, गेस्ट, डब्ल्यूडीएजी-युटिलिटी-अकाउंट असं लांबलचक काहीतरी, आणि त्यांच्या गर्दीत आपलं एक. वापरणारा माणूस एक आणि नावं पाच! इथूनच गैरसमजांची रांग लागते.

"अनोळखी नावं म्हणजे कुणीतरी घुसलंय"

वरची चारही नावं विंडोजनं स्वतःच मांडलेली आहेत. विंडोज 10 आणि 11 मध्ये ती सहसा असतात आणि नव्या इन्स्टॉलेशनमध्ये बंदच असतात. ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं मूळ खातं तर व्हिस्टाच्या काळापासून बंद स्थितीत येतं. अडचण अशी, की खातं चालू आहे की बंद, हे 'नेट युजर' यादीत दाखवतच नाही. जुन्या सोसायटीच्या जिन्याखालच्या पाट्यांसारखं आहे हे : पाटी असते, पण त्या घरात आज कुणी राहतं का, ते पाटीवरून कळत नाही.

ते कळायचं तर त्याच कमांडपुढे नाव जोडायचं : 'नेट युजर गेस्ट'. आता पानभर माहिती येते. त्यातल्या चार ओळी कामाच्या. 'अकाउंट ॲक्टिव्ह'समोर येस आहे की नो? 'पासवर्ड लास्ट सेट'समोर तारीख कोणती? 'लास्ट लॉगऑन'समोर 'नेव्हर' असेल, तर त्या खात्यातून कुणी लॉगिन केल्याची नोंदच नाही. आणि शेवटची, 'लोकल ग्रुप मेंबरशिप्स'. या ओळीत ॲडमिनिस्ट्रेटर्स हा गट दिसला आणि खातं चालू असलं, तर मात्र सावध व्हायचं. घाबरायचंच असेल तर नावाला नव्हे, या दोन ओळींच्या जोडीला घाबरावं. सगळ्या ॲडमिनची नावं एकदम हवी असतील तर 'नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स' ही कमांड आहेच.

"यादीत नाही, म्हणजे खातंच नाही"

हा गैरसमज पहिल्यापेक्षा महागात पडतो. खात्याच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं, की 'नेट युजर'च्या यादीतून ते गळतं. ही युक्ती जुनी आहे आणि घुसखोरांना चांगली ठाऊक आहे. पॉवरशेलमधली 'गेट-लोकलयुजर' ही कमांड मात्र तेही नाव दाखवते आणि 'एनेबल्ड' रकान्यात ट्रू की फॉल्स हेही सांगते. माझं मत विचाराल तर आजच्या विंडोजवर सुरुवात हिच्यापासूनच करावी.

लॉगिन स्क्रीनवरची नावं मोजून तर कधीच निष्कर्ष काढू नये. रजिस्ट्रीत एक नोंद घातली की चालू असलेलं खातंही तिथून दिसेनासं होतं. शिवाय मोठ्या कंपनीत, बँकेत कर्मचाऱ्यांची खाती डोमेन सर्व्हरवर असतात. त्यातले शेकडो लोक त्या पीसीवर बसून लॉगिन करू शकत असतील, तरी 'नेट युजर'मध्ये त्यांच्यातलं एकही नाव येणार नाही. ही कमांड फक्त त्या मशीनवरच्या स्थानिक खात्यांपुरतं बोलते.

"सी ड्राइव्हमधलं युजर्स फोल्डर बघितलं की झालं"

नाही झालं. खातं डिलीट केलं तरी त्याचं फोल्डर मागे राहू शकतं. खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं जुनंच राहतं. ईमेल वापरून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं असेल, तर फोल्डरला बहुधा त्या ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात, त्यामुळे आपलंच फोल्डर परकं वाटतं.

मुळात विंडोज माणसाला नावानं ओळखतच नाही. प्रत्येक खात्यामागे 'एसआयडी' हा लांब क्रमांक असतो आणि फाइलींचे हक्क त्या क्रमांकाला जोडलेले असतात. म्हणून "खातं उडव आणि त्याच नावानं पुन्हा बनव" हा कॉम्प्युटरवाल्यांचा आवडता उपाय कधी कधी अंगाशी येतो. नाव तेच असलं तरी क्रमांक नवा मिळतो, आणि विंडोजच्या सोयीनं एन्क्रिप्ट केलेल्या जुन्या फाइली त्याला उघडत नाहीत. संशय आला तर खातं आधी नुसतं बंद करावं, उडवायचं नंतर बघू.

"हे सगळं बघायला ॲडमिन लागतो, होम एडिशनमध्ये जमत नाही" असंही ऐकू येतं. स्थानिक खाती बघायला साधं खातं पुरतं. बदल करायला गेलात तरच 'सिस्टिम एरर 5' येऊन परवानगी नाकारली जाते. होम एडिशनमध्ये खाती सांभाळण्याची खिडकी नसते हे खरं, पण कमांड चालतात.

"लिनक्सच्या पासडब्ल्यूडी फाइलीत पासवर्ड असतात"

ईटीसी फोल्डरमधली ही फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून नवखे दचकतात. तिच्यातल्या प्रत्येक ओळीत कोलननं तोडलेले सात भाग असतात : नाव, पासवर्डची जागा, युजर क्रमांक, गट क्रमांक, वर्णन, होम फोल्डर आणि शेल. पासवर्डच्या जागी आता नुसता एक्स असतो. खरा मजकूर, तोही हॅश केलेला, शॅडो नावाच्या वेगळ्या फाइलीत असतो आणि ती सामान्य वापरकर्त्याला उघडता येत नाही. पासडब्ल्यूडी मात्र खुली ठेवावीच लागते. एलएस सारखी साधी कमांड फाइलीच्या मालकाचा क्रमांक नावात बदलते, तो आधार इथलाच.

एके काळी हॅश याच फाइलीत होते, आणि त्याचं काय होतं हे युनिक्सच्या जनकांनीच अनुभवलं. 1980 च्या सुमाराची बीएसडीची एक पासडब्ल्यूडी फाइल जुन्या सोर्स कोडबरोबर सर्वांसमोर आली. डेनिस रिची यांचा पासवर्ड 'डीमॅक' निघाला. केन थॉम्पसन यांचा मात्र हट्टी ठरला. तो फुटला 2019 मध्ये. आठ अक्षरांत त्यांनी बुद्धिबळातली खेळी लिहिली होती, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे! बेल हे बुद्धिबळाचं यंत्र घडवणाऱ्यांपैकी ते एक, हे माहीत असणाऱ्याला नवल वाटू नये.

या फाइलीतही माणसं थोडीच. डीमन, मेल, गेम्स ही सगळी सेवांची खाती. त्यांच्या शेवटच्या भागात 'नोलॉगिन' किंवा 'फॉल्स' दिसतं. आजच्या बहुतेक लिनक्सवर माणसांचे क्रमांक 1000 पासून सुरू होतात. शून्य क्रमांक रूटचा. तो दुसऱ्या कुठल्या नावापुढे दिसला, तर नाव कितीही साधं असो, ते खातं रूटच आहे. डिरेक्टरी सर्व्हरला जोडलेल्या मशीनवर ही फाइलही अपुरी. तिथे 'गेटएंट पासडब्ल्यूडी' चालवावं. मॅकवर नेहमीच्या वापरात माणसांची खाती या फाइलीत नसतातच, तिथे 'डीएससीएल'ला विचारावं लागतं.

आणि 'पासडब्ल्यूडी' कमांडला उणे एल जोडून खातं लॉक केलं, की माणूस बाहेर गेला असं समजू नका. लॉक होतो तो पासवर्ड. त्याची एसएसएच की सर्व्हरवर असेल तर तो पासवर्डशिवाय आत येऊ शकतो. पूर्ण खातं बंद करायचं तर 'युजरमॉड'मध्ये एक्स्पायरडेट 1 द्यावी, म्हणजे खात्याची मुदत 2 जानेवारी 1970 लाच संपली अशी नोंद होते.