२५६ रंगांची जांभई

वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी मांजराचं हलतं चित्र टाकतं. मांजर जांभई देतं, तोंड मिटतं, परत जांभई देतं. खाली लिहिलेलं असतं, ‘उद्या गणिताचा पेपर!’ आवाज नाही, चालू करायचं बटण नाही, तरी मांजराच्या जांभया काही थांबत नाहीत. ही झाली जिफ. आणि दोस्तांनो, अशी जिफ घरच्या कॉम्प्युटरवर एक पैसाही न खर्चता तुम्हाला बनवता येते.

जिफचा जन्म १९८७ सालचा, अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीतला. स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. तेव्हा कॉम्प्युटर एकमेकांशी टेलिफोनच्या तारेतून बोलायचे, तेही इतकं सावकाश की एक रंगीत चित्र यायचं तर वाट बघत बसावं लागे. म्हणून जिफच्या अंगात काटकसर मुरलेली आहे. ती कुठे कुठे दिसते, बघा हं.

समजा, मांजराच्या जांभईचा व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर काढलात. अशा व्हिडिओत एका सेकंदाला साधारण ३० चित्रं असतात. एकेका चित्राला म्हणतात फ्रेम. म्हणजे ३ सेकंदांच्या जांभईत ९० फ्रेम. फ्रेम १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असेल, तर एकाच फ्रेममध्ये ठिपके किती? गुणाकार करा: २०,७३,६००!

एवढं ओझं जिफला नको, म्हणून मदतीला येतं एफएफएमपेग नावाचं मोफत सॉफ्टवेअर. फाब्रिस बेलार यांनी ते २००० साली सुरू केलं. त्यात बटणं नाहीत, हुकूम टाइप करायचा: अमुक सेकंदापासून ३ सेकंद घे, सेकंदाला १० फ्रेम काढ, रुंदी ४८० ठेव. लगेच ३० चित्रं फोल्डरमध्ये हजर. प्रत्येकात ठिपके फक्त १,२९,६००, म्हणजे आधीच्या सोळाव्या हिश्शाइतके.

आता रंग. कॉम्प्युटरच्या पडद्यावर १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंगछटा दाखवता येतात. जिफच्या रंगपेटीत मात्र जास्तीत जास्त २५६ खडू मावतात! मग सॉफ्टवेअर आधी चित्रं नीट न्याहाळतं आणि पेटीत कोणते खडू ठेवायचे ते ठरवतं. मांजर केशरी असेल तर केशरीच्या छटा भरपूर, जांभळ्याला सुट्टी. आणि हवी ती छटा पेटीत नसली तर? शेजारशेजारच्या ठिपक्यांत दोन जवळचे रंग आलटूनपालटून भरायचे. लांबून बघताना आपला डोळाच ते मिसळून टाकतो आणि तिसरा रंग दिसतो. याला म्हणतात डिदरिंग. संध्याकाळच्या आकाशाची एखादी जिफ खूप मोठी करून बघा. गुळगुळीत वाटणाऱ्या आकाशात बारीक बारीक ठिपक्यांची जाळी सापडेल. मला तर हे जिफमधलं सगळ्यात सुंदर कसब वाटतं.

मांजराखाली ओळ लिहायला गिम्प नावाचं चित्रांचं सॉफ्टवेअर घ्या. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं. तेही मोफत. ‘ओपन ॲज लेयर्स’ म्हटलं की तीसही चित्रं एकावर एक रचली जातात. प्रत्येक लेयर, म्हणजे थर, ही जिफची एक फ्रेम. पण जपून! तुम्ही लिहिलेली ओळसुद्धा वेगळा लेयर होते, आणि तशीच ठेवली तर ती एकटीच एक फ्रेम बनून क्षणभर चमकते आणि गायब होते. म्हणून ओळीच्या प्रती काढून एकेक प्रत प्रत्येक चित्रात मिसळायची. जरा किचकट काम आहे, पण करायचंच. आणि मांजराऐवजी मैत्रिणीची जांभई वापरणार असाल, तर आधी तिला विचारा.

मग गिम्पमधलं ‘ऑप्टिमाइझ’ वापरा. मागची भिंत तिसांही चित्रांत तीच असेल, तर ती तीस वेळा कशाला साठवायची? जिथे काही हललं तेवढाच तुकडा पुढच्या फ्रेममध्ये ठेवला जातो, बाकी जागा पारदर्शक. म्हणूनच कॅमेरा स्थिर धरला की फाइल लहान होते आणि हात हलला की फुगते.

जिफचं घड्याळही न्यारं आहे, ते सेकंदाचे शंभर भाग मोजतं. सेकंदाला २५ फ्रेम हव्यात? प्रत्येकीला ४ भाग, हिशेब चोख. पण ३० हव्या असतील तर १०० ला ३० ने भाग जातच नाही! आणि चित्र कायम फिरत ठेवायचं तर किती वेळा म्हणून सांगायचं? फाइलमध्ये त्या जागी आकडा असतो ० आणि त्याचा अर्थ असतो ‘थांबूच नकोस’.

एकेक चित्र जोडून हालचाल उभी करायची ही युक्ती आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी फार पूर्वी वापरली होती. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या चित्रपटाच्याही आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी चित्रं टिपली आणि पडद्यावर अंकुर भराभर वाढताना दाखवला. तुम्हीही करून बघा. कुंडीत वाटाणा पेरा, मोबाइल रोज त्याच जागी, त्याच वेळी ठेवा आणि एक फोटो काढा. महिनाभराचे ३० फोटो झाले की गिम्पमध्ये रचा आणि प्रत्येकाला शंभरातले १० भाग द्या. महिनाभराची वाढ ३ सेकंदांत बघायला मिळेल.