काजव्यांच्या गावी जाताना

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अवर्षण, माळरान आणि साखर कारखाने येतात. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) उभे आहे. जवळच प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण आहे. १९८६ मध्ये घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य या परिसरात सुमारे ३६१ चौरस किलोमीटरवर पसरले आहे. येथील एक नवल मात्र वर्षातून जेमतेम काही आठवडेच पाहावयास मिळते. ते म्हणजे काजवे.

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी पडू लागल्या की घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल या गावांच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा वृक्षांवर लक्षावधी काजवे जमतात. एखादे झाड आपादमस्तक लुकलुकते, क्षणभर विझते आणि पुन्हा उजळते. मोसमी पावसाने जोर धरला की हा सोहळा ओसरतो.

संस्कृतात काजव्याला ‘खद्योत’ म्हणतात. ख म्हणजे आकाश, त्यात द्योतणारा तो खद्योत. शास्त्रदृष्ट्या काजवा हा भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक असून जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन प्रकाश निर्माण होतो, पण उष्णता जवळजवळ नाहीच. म्हणून त्याला शीतल प्रकाश म्हणतात. हा प्रकाश ही त्याची भाषा आहे. नर उडताना ठरावीक लयीत संकेत देतो आणि गवतात वा पानावर बसलेली मादी त्याला उत्तर देते. प्रत्येक जातीची लय निराळी असते.

आणि येथेच आपला संबंध येतो. या दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. गाड्यांचे दिवे, मोबाईलच्या विजेऱ्या आणि छायाचित्रांचा लखलखाट यांत काजव्यांचे संकेत हरवून जातात. नराची हाक मादीपर्यंत पोहोचत नाही, आणि झाडाखालच्या गवतातून चालणाऱ्यांच्या पायांखाली माद्या चिरडल्या जातात. प्रौढ काजव्याचे आयुष्य मोजक्या दिवसांचे असते. त्या दिवसांत मीलन झाले नाही तर पुढची पिढी नाही. आपली एका रात्रीची हौस त्यांच्या पुढच्या ऋतूवर बेतते.

अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात काजवे पाहण्यासाठी सोडत काढून मोजक्याच वाहनांना प्रवेश देतात आणि विजेरीवर रंगीत कागद लावावयास सांगतात. जैन कुटुंबांना ही शिकवण नवी नाही. आपल्या जीवविचारात भुंगा, माशी यांसारखे कीटक चतुरिंद्रिय जीवांत गणले आहेत. दिव्याच्या ज्योतीकडे झेपावून कीटक प्राण गमावतात, हे रात्रिभोजन-त्यागामागील एक कारण घरोघरी सांगितले जाते. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, म्हणून साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात. एरवीही पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकतात. काजव्यांचा हंगाम चातुर्मासाच्या उंबरठ्यावरच येतो. मग सहलीला निघताना ही जयणा घरी का ठेवावी?

जाणाऱ्यांनी एवढे अवश्य पाळावे. शक्यतो शनिवार-रविवार टाळावा. गाडी गावातच उभी करून स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. त्याला चार पैसेही मिळतात. काजव्यांचे दर्शन अंधार पडल्यावरच होत असल्याने चोविहार करणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून सहज निघता येते. पायवाट सोडू नये, झाड हलवू नये, काजवे मुठीत वा बाटलीत धरू नयेत. विजेरी लागलीच तर लाल कागद गुंडाळून जमिनीकडे धरावी. मोबाईल खिशात राहू द्यावा. मुलांनी ते दृश्य डोळ्यांनीच पाहावे. डोळे अंधाराला सरावण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात, तेवढा वेळ शांत उभे राहावे.

तीर्थक्षेत्री आपण पादत्राणे बाहेर काढून ठेवतो. काजव्यांच्या गावी जाताना आपला उजेड बाहेर ठेवावा, म्हणजे त्यांचा उजेड आपल्या नातवंडांनाही दिसेल.