आपत्कालीन गर्भनिरोधनोत्तर ऋतुचक्र
असुरक्षित संभोगानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाच्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलाच्या १.५ मिग्रॅ. मात्रेमुळे ऋतुचक्रात तात्पुरते फेरफार होतात. हे संश्लेषित हॉर्मोन पोष ग्रंथीच्या प्रेरणेने होणारे अंडमोचन लांबवते किंवा थोपवते. गर्भाशयात रुजलेला गर्भ मात्र त्यामुळे पडत नाही. गोळी चक्राच्या आरंभीच्या दिवसांत घेतल्यास पाळी बहुधा लवकर येते; अंडमोचनाच्या सुमारास वा नंतर घेतल्यास वेळेवर किंवा थोडी उशिरा येते. बहुतेक स्त्रियांत हा फरक आठवड्याच्या आत असतो. कित्येकींना मधल्या काळात डागांसारखा अल्प स्राव होतो. तोच पाळी समजून निर्धास्त राहण्याची चूक पुष्कळदा घडते. वस्तुतः या स्रावावरून गर्भधारणा टळली असे ठरत नाही. अंडमोचन केवळ लांबलेले असल्यास त्याच चक्रातील पुढील संबंधातून गर्भ राहू शकतो, म्हणून पाळी येईपर्यंत निरोधासारखे अन्य साधन वापरावे लागते. भारतात २००५ पासून ही गोळी वैद्यकीय चिठ्ठीशिवाय मिळते व काहीजणी ती वारंवार घेतात. अशा वेळी चक्र अनियमित होते. पाळी आठवड्याहून अधिक लांबल्यास मूत्रपरीक्षा करावी. ओटीपोटात तीव्र वेदना असल्यास, गर्भाशयाबाहेर गर्भ राहिल्याची शक्यता असल्याने, तज्ञास ताबडतोब दाखवावे.