ईद अलीकडे का सरकते?

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्यामुळे माल कधी भरावा हे नांदेड-लातूरच्या आपल्या दुकानदार बांधवांना कळत नाही. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचे, ३५४-३५५ दिवसांचे. जादा महिना घालण्याची अरबांची जुनी रीत, नसी, कुरआनने बंद केली. मराठी पंचांग मात्र साधारण तीन वर्षांनी अधिक मास धरते. म्हणून माळेगावची खंडोबाची यात्रा डिसेंबर-जानेवारी सोडत नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या हाती खरिपाचा पैसाही असतो. ईद २०२४ साली ११ एप्रिलला झाली, २०२५ साली ३१ मार्चला. आम्ही हिशेब मांडला, तर २०३३ सालच्या जानेवारीच्या आरंभी ईद व माळेगाव जवळजवळ एकत्र येतात. बांगडीवाले, कपडेवाले यांना दोन हंगामांचे भांडवल तेव्हा एकदम उभे करावे लागेल.