मालासोबतची चिठ्ठी कोणी लिहावी?

औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू दूरदूरच्या गिऱ्हाइकांकडे जातो. शालीसोबत एखादी छापील चिठ्ठी असलीच, तर तीत बहुधा राजेरजवाड्यांची थोरवी असते आणि शेवटी ‘ड्रायक्लीन’ एवढा एकच कामाचा शब्द. गिऱ्हाईक घरी शाल उलटी करून पाहते. मागे सुटे धागे दिसले की माल सदोष आहे असे त्याला वाटते. कोणी ते कात्रीने कापतो, मग नक्षी उसवते आणि तक्रार दुकानावर येते.

वास्तविक ते धागे विणीचाच भाग आहेत. नक्षीसाठी जादा आडवा धागा घातलेला असतो. फूल असेल तिथे तो वर येतो, नसेल तिथे पाठीमागे मोकळा राहतो. उस्तादांना ही गोष्ट इतकी ठाऊक असते की ती सांगायला हवी, हे त्यांच्या मनातही येत नाही. “यात काय सांगायचे?” असे ते म्हणतात. चिठ्ठी लिहितो तो शिकलेला मुलगा. त्याला शब्द सुचतात, पण मागावर तो कधी बसलेला नसतो.

तेव्हा उस्तादांनी बोलावे, मुलाने लिहावे आणि लिहिलेले पुन्हा उस्तादांना वाचून दाखवावे. नंतर तो कागद विणकामाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याच्या हाती द्यावा आणि विचारावे, “आता ही शाल कशी वापराल?” तो चुकला तर चूक कागदाची समजावी. नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

चिठ्ठी अशी होऊ शकते: “उभा धागा सुती. नक्षीचा धागा रेयॉन. मागचे सुटे धागे हा दोष नाही, ते कापू नका. अंगठी-बांगडीत अडकणार नाहीत असे पाहा. ओला रेयॉन कमजोर होतो, म्हणून पिळू नका.” कारण दिले की माणूस ऐकतो, नुसता हुकूम विसरतो.

आणि रेयॉन असेल तर रेयॉनच लिहावे. ‘सिल्क’ लिहिणे म्हणजे मापात पाप. शुद्ध रेशमासाठी 2004 पासून ‘सिल्क मार्क’ आहे. गिऱ्हाईक आता ती खूण मागते.

लिहिण्याचे काम केवळ चिठ्ठीपुरते नाही. 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली अर्ज करताना मालाचे वर्णन आणि तो बनविण्याची रीत लिहून द्यावी लागते. पैठणीला हे मानांकन मिळालेले आहे.

वाळूज, चिकलठाण्याकडे यंत्रांची कामे करणाऱ्या बांधवांनाही हेच लागू पडते. पंपाच्या कागदावर ‘प्राइमिंग करावे’ असे छापले की शेतकरी गोंधळतो. “बटण दाबण्यापूर्वी पंपात पाणी भरा, कोरडा चालला तर सील जळते,” एवढे लिहिले की तो आधी बादली आणायला जातो.