खोली भाड्याने देताना

आपल्याकडे बचत म्हटली की दोनच गोष्टी आठवतात, सोने आणि खोली. आखातात पंधरा वर्षे घाम गाळून परतलेला माणूस मुंब्रा, भिवंडी नाहीतर नालासोपाऱ्यात एक खोली घेतो आणि भाड्यावर घर चालेल असा हिशोब मांडतो. आमच्या अब्बांनीही तेच केले. कौशात चौथ्या मजल्यावर एक रूम-किचन घेतले.

२०११ मध्ये आमच्या बहिणीचे लग्न ठरले आणि अब्बांनी ती खोली हेवी डिपॉझिटवर दिली. तीन लाख रुपये रोख घ्यायचे, भाडे काही नाही, तीन वर्षांनी पैसे परत आणि खोली परत. कागद काय, तर शंभराच्या स्टँपवर नोटरीचा शिक्का. मुदत संपली तेव्हा भाडेकरू खोली सोडायला तयार होता, पण द्यायला पैसेच नव्हते. ते मांडवात आणि दावतीत कधीच संपले होते. तो बिचारा सव्वा वर्ष थांबला. शेवटी दुसऱ्या भाडेकरूकडून डिपॉझिट घेऊन पहिल्याचे फेडले. एकाची टोपी दुसऱ्याला घालण्याचा हा प्रकार सहा वर्षे चालला.

हा व्यवहार इतका रुळला आहे की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण नीट पाहिले तर घरमालकाने खर्चून टाकलेले डिपॉझिट हे कर्जच, आणि त्या कर्जाच्या बदल्यात पैसे देणारा घरात फुकट राहतो. कर्जावर घेतलेला असा फायदा सूदमध्ये येतो, असे अनेक उलमांनी सांगितले आहे. भाडे घेणे मात्र निःसंशय हलाल. मग सरळ भाडेच का घेऊ नये? अनामत हा शब्द आपण रोज वापरतो, तो मूळचा अमानत आहे हे विसरतो.

कागदाचेही तसेच. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात खोटी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. उलटपक्षी लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदतीनंतर माणूस हलत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तो राहील तितके दिवस दुप्पट दराने भरपाई मागता येते.

आणि खर्च तरी किती? नऊ हजार भाडे, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर मुद्रांक शुल्क सुमारे तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. आधार आणि अंगठ्यावर हे काम घरबसल्या ऑनलाइन होते. एजंट लावला तर त्याचे वेगळे. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही ऑनलाइन कळवता येते. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आमच्याकडून दोन वर्षे जास्त घेतले गेले, कारण आम्ही विचारलेच नाही.

चावी देण्याआधी मीटरचे आकडे, नळ, पंखे, भिंती यांचे फोटो काढून दोघांनी सही केलेली यादी ठेवावी. निघताना होणारी निम्मी भांडणे रंगकामावरूनच होतात. आयकरात भाड्यातून आपण भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून सरसकट तीस टक्के, त्यासाठी बिले लागत नाहीत. भाड्याने दिलेल्या खोलीच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून शिल्लक राहिलेली रक्कम मात्र इतर बचतीत धरावी.

गेल्या वर्षी एकटी राहणारी एक शिक्षिका खोली पाहायला आली. इमारतीतल्या काहींनी नाके मुरडली. अम्मी एवढेच म्हणाली, "नाव ऐकून आपल्यासाठी किती दारे बंद झाली, मोजलीत का?" करार नोंदवला, त्याच आठवड्यात ती राहायला आली. तिचे तीस हजार वेगळ्या खात्यात आहेत आणि पासबुक अम्मीच्या कपाटात.