मुरूम व इसब : रायगड किनाऱ्यावरील त्वचोपचारांच्या निवडीचा विचार

चेहऱ्यावरील मुरूम आणि हातापायांच्या सांध्यांत येणारा इसब ह्या दोन विकारांना आपण ‘कातडीची दुखणी’ म्हणून एकाच पंक्तीस बसवितो. घरातील वडीलधारी मंडळी दोहोंवर एकच तेल सुचवितात आणि बाजारातील औषधविक्रेता पुष्कळदा दोहोंसाठी एकच नळी काढून देतो. आपल्या जुन्या वैद्यकाने ही गल्लत केलेली नव्हती. सुश्रुताने तरुणांच्या मुखावरील पुटकुळ्यांस ‘मुखदूषिका’ असे नाव देऊन त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली व त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली. सावरीचे कोवळे खोड ज्याने पाहिले असेल त्याला ह्या उपमेचा नेमकेपणा सांगावयास नको. खाज, काळसर पुटकुळ्या व पुष्कळ स्राव ही लक्षणे असलेली ‘विचर्चिका’ मात्र चरकाने कुष्ठांच्या प्रकरणात, अकरा क्षुद्रकुष्ठांमध्ये घातली. त्या वर्गीकरणाची तात्त्विक बैठक आज आपण स्वीकारीत नसलो, तरी ही दोन दुखणी वेगळ्या घरची आहेत हे निरीक्षण टिकले आहे.

मुरूम हा तैलग्रंथी व केशकूप यांचा विकार होय. वयात येताना पुरुषसंप्रेरकांच्या प्रभावाने (ही संप्रेरके मुलींच्या शरीरातही असतात) तैलग्रंथींचा स्राव वाढतो, केशकूपाच्या मुखाशी मृत पेशी चिकटून राहतात व ते बुजते. बुजलेल्या पोकळीत क्युटीबॅक्टेरियम ॲक्नीस नावाचे जंतू वाढतात आणि दाह उत्पन्न होतो. इसबाची हकीकत उलटी आहे. त्यात त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, म्हणजे शृंगस्तर, सच्छिद्र झालेला असतो. ह्या थराला विटांच्या भिंतीची उपमा देण्याचा प्रघात आहे. त्यातील पेशी ह्या विटा आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा त्यांमधील चुना. २००६ साली युरोपीय रुग्णांच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले की, फिलाग्रिन ह्या प्रथिनाच्या जनुकात दोष असणाऱ्यांस बालवयातील इसब होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. भिंतच कच्ची असल्यामुळे आतील पाणी बाहेर जाते व बाहेरचे क्षोभक पदार्थ आत शिरतात. तात्पर्य, मुरमात वाट बुजलेली असते, इसबात भिंत गळत असते. म्हणूनच एखादे तेल, साबण वा मलम ‘त्वचेसाठी चांगले’ आहे असे म्हणणे अर्धवट आहे. कोणाच्या त्वचेसाठी, हे सांगितल्यावाचून त्या वाक्यास अर्थ येत नाही.

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन ह्या पट्ट्यात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नारळाचे तेल. नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या ह्या प्रदेशात ते तान्ह्या मुलाच्या टाळूपासून म्हातारीच्या गुडघ्यापर्यंत सर्वत्र लावले जाते. ह्या प्रथेला आधार नाही असे मुळीच नाही. फिलिपीन्समध्ये सौम्य व मध्यम स्वरूपाचा इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ताज्या खोबऱ्यापासून उष्णतेविना काढलेले तेल व खनिज तेल यांची त्यात तुलना होती. नारळाच्या तेलाने इसबाची तीव्रता अधिक उतरली आणि त्वचेतून होणारा पाण्याचा ऱ्हासही अधिक घटला. प्रयोगातील तेल शुद्ध व सुगंधरहित होते, हे येथे ध्यानात ठेवावे. बाजारात मिळणारी सुवासिक केशतेले ह्या निष्कर्षाच्या छायेत बसत नाहीत.

आता त्याच घरातील सोळा वर्षांचा नातू घ्यावा. त्याच्या कपाळावर बारीक काळ्या-पांढऱ्या पुटकुळ्या आहेत, आणि आजी तेच तेल त्याच्या डोक्यास चोपडून कपाळावर पुसते. १९७० साली प्लेविग, फुल्टन व क्लिगमन ह्या संशोधकांनी केसांना तेलकट लेप लावणाऱ्या अमेरिकी पुरुषांत कपाळाच्या व कानशिलांच्या कडेने उठणारा मुरमाचा एक विशिष्ट प्रकार वर्णिला. आपल्याकडे वेगळा प्रयोग न करताही तो डोळ्यांनी पाहता येतो. नारळाच्या तेलातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते आणि प्रयोगशाळेत हे आम्ल मुरमाच्या जंतूस मारते, हे खरे आहे. ह्याच आधारावर ‘खोबरेल मुरमावरही गुणकारी’ असा प्रचार केला जातो. परंतु तेलात ते आम्ल बहुतांशी मुक्त स्वरूपात नसते, आणि मुळात तक्रार बुजलेल्या वाटेची आहे. उलट पक्षी हेही सांगितले पाहिजे की, कोणते तेल केशकूप बुजविते याच्या ज्या कोष्टकांचा नेहमी दाखला दिला जातो, ती प्रायः सशाच्या कानावरील प्रयोगांतून आलेली आहेत. सशाचा कान माणसाच्या गालाहून अधिक हळवा असतो. तेव्हा कोष्टकापेक्षा मुलाच्या कपाळावर भरवसा ठेवावा. केसांना तेल लावणे सहा ते आठ आठवडे थांबवून फरक पाहणे हा प्रयोग बिनखर्चाचा आहे.

किनाऱ्याची हवा ह्या गुंतागुंतीत भर घालते. वैशाख-ज्येष्ठात घाम वाळत नाही, पुढे चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि कपडे दमटच राहतात. अशा हवेत मुरमासारखे दिसणारे सर्व काही मुरूम नसते. कपाळ, छाती व पाठ यांवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या उठल्या तर त्या पुष्कळदा मॅलासेझिया ह्या बुरशीमुळे झालेल्या केशकूपदाहाच्या असतात. ही बुरशी मेदाम्लांवर पोसली जाते, म्हणून तेलाने ती वाढते. जंतुनाशक गोळ्यांनी तिचे प्रतिस्पर्धी जंतू मरतात व ती अधिकच फोफावते. तसेच इसबासारखे दिसणारे सर्व काही इसब नसते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत बसणारी आणि घरातील अनेकांना एकदम लागलेली खाज ही खरूज समजावी. वर्तुळाकार, कडा उठावदार असलेला चट्टा हा बहुधा नायटा असतो. निवडीचा प्रश्न निदानानंतरचा आहे, आणि बहुतेक चुका निवडीत नव्हे तर निदानात होतात.

हातांच्या इसबाचा विचार ह्या जिल्ह्यात स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. बंदरावर मासळी निवडणाऱ्या, बर्फात हात घालणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांचे हात दिवसाचे कित्येक तास ओले असतात. मिठागरांतील कामाचेही तेच. सततच्या ओलाव्याने शृंगस्तर फुगतो, सुकताना त्यास भेगा पडतात, आणि त्या भेगांतून मासळीतील प्रथिने आत शिरतात. १९७६ साली डेन्मार्कमध्ये अन्नपदार्थ हाताळणाऱ्या कामगारांत ‘प्रथिन-संपर्कजन्य त्वचादाह’ हा प्रकार प्रथम स्वतंत्रपणे वर्णिला गेला. त्यात मासळीचा समावेश होता. अशा हातांस काम संपताच गोड्या पाण्याने धुऊन, टिपून, त्यावर जाड स्निग्ध लेप देणे हे कोणत्याही महाग क्रीमपेक्षा महत्त्वाचे. कोकणात भेगांवर लावले जाणारे कोकमाचे तेल ह्या कामी चांगले उपयोगी पडू शकते. ते साध्या उष्णतेस घट्ट राहते, म्हणून अंगावर टिकते. भेगांवर बिब्बा लावण्याची चाल मात्र निषिद्ध मानली पाहिजे. बिब्ब्याच्या रसातील द्रव्य भयंकर क्षोभक व संवेदनाजनक आहे. धोब्याने कपड्यांवर घातलेल्या बिब्ब्याच्या खुणांमुळेसुद्धा त्वचादाह झाल्याची वर्णने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील वैद्यकीय वाङ्मयात आहेत. काजूच्या टरफलातील तेल हे त्याच कुळातील.

साबणाविषयी थोडक्यात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर साबण स्वभावतः अल्कधर्मी. वेष्टनावर छापलेला ‘टीएफएम’चा आकडा एकूण मेदद्रव्याचे प्रमाण सांगतो. पहिल्या प्रतीच्या प्रसाधन साबणात ते किमान ७६ टक्के असावे असा भारतीय मानक आहे. आकडा मोठा म्हणजे साबण सौम्य, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. परंतु ह्या आकड्याने अल्कता कळत नाही. इसबाच्या रोग्याने साबणविरहित, सुगंधरहित प्रक्षालक वापरावा, कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे व अंग ओलसर असतानाच स्निग्ध लेप लावावा. मुरमाच्या रोग्याने दिवसातून दोनदा सौम्यपणे तोंड धुणे पुरे. घासल्याने मुरूम जात नाहीत. लिंबू चोळून किनाऱ्यावरील उन्हात जाणे तर उघड धोक्याचे, कारण लिंबाच्या सालीतील द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की त्वचा भाजते व काळे डाग उरतात.

तान्ह्या मुलास न्हाऊमाखू घालताना डाळीचे पीठ चोळण्याची पद्धत निरोगी मुलास एक वेळ चालेल, इसब असलेल्यास नाही. खरवडण्याचा दोष तर आहेच. शिवाय गळक्या भिंतीतून खाद्यप्रथिने आत गेल्यास पुढे त्याच अन्नाचे वावडे उत्पन्न होऊ शकते. जपानमध्ये गव्हाचे प्रथिन घातलेला एक मुखप्रक्षालन साबण वापरून दोन हजारांहून अधिक लोकांस गव्हाचे वावडे जडले. तो साबण २०११ साली परत मागविण्यात आला.

आता त्या नळीकडे वळू. १९५२ साली सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबात यश मिळविले, तेव्हापासून स्टिरॉइड मलमे ही इसबावरील प्रमुख औषधे झाली आणि ती तशी आजही आहेत. परंतु दाह कोणताही असो, लाली व खाज दोन दिवसांत उतरविण्याचा त्यांचा गुणच त्यांच्या दुरुपयोगाचे कारण झाला. नायट्यावर स्टिरॉइड लावल्यास खाज थांबते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरते. आपले मूळ रूप हरवलेल्या ह्या नायट्याचे वर्णन इव्ह व मार्क्स यांनी १९६८ सालीच केले होते. चेहऱ्यावर ते ‘गोरेपणासाठी’ वा मुरमांसाठी लावल्यास प्रथम तेज आल्यासारखे वाटते. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, एकसारखे लालसर मुरूम उठतात, आणि मलम सोडताच आग होऊन चेहरा सुजतो, म्हणून रोगी पुन्हा तेच लावतो. भारतातील १२ केंद्रांत झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रोग्यांपैकी ४३३, म्हणजे १४.८ टक्के, स्टिरॉइड मलमे वापरीत असल्याचे आढळले.

हे घडू शकले याचे एक कारण कायद्यात होते. अनुसूची ‘एच’मध्ये स्टिरॉइडे असली तरी बाह्योपयोगी मलमांना तीतून सूट होती. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ बाह्योपयोगी स्टिरॉइडांची सूट काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ औषध-मिश्रणांवर बंदी आली व त्यांत स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र कोंबलेली काही मलमेही होती. नियम झाला, तरी चिठ्ठीवाचून नळी मिळणे थांबले असे म्हणता येत नाही. दरम्यान बुरशीनेही आपले रूप बदलले. टर्बिनाफिन ह्या औषधास पुष्कळदा दाद न देणारी एक प्रजाती भारतीय व नेपाळी रोग्यांपासून मिळाली, आणि २०२० साली जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. आपल्या देशाचे नाव अशा कारणाने विज्ञानात जावे हे भूषणावह नाही.

ह्या अनर्थाची प्रतिक्रिया म्हणून इसब असलेल्या मुलांचे पालक आता स्टिरॉइडाच्या नावानेच बिचकतात, व मूल रात्रभर खाजवीत राहते. हेही तितकेच चूक होय. योग्य तीव्रतेचे मलम, वैद्याने सांगितलेले दिवस, सुजलेल्या भागापुरते लावणे निर्धोक आहे. मात्रेसाठी १९९१ साली लाँग व फिन्ले यांनी सुचविलेले माप सोपे आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या अखेरच्या पेरावर नळीतून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. स्निग्ध लेप मात्र सढळ हाताने व रोज लावावयाचा.

मुरमावर ॲडापॅलीनसारखी रेटिनॉइडे व बेंझॉइल पेरॉक्साइड ही परिणामकारक आहेत. जंतुनाशक मलम एकटे कधीही वापरू नये, कारण जंतू त्यास निर्ढावतात. ही औषधे स्निग्ध मलमांच्या नेमकी उलट, पहिल्या पंधरवड्यात त्वचा कोरडी करतात, सोलतात, आणि काहींचे मुरूम वाढल्यासारखे दिसतात. बहुतेक जण येथेच औषध सोडतात व त्या नळीकडे जातात. रेटिनॉइडाचा गुण दिसू लागण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या भेटीत एवढे सांगण्यास वैद्याला दोन मिनिटे पुरतात. कोणतेही नवे द्रव्य प्रथम कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. तेथे लाली वा खाज उठली, तर ते चेहऱ्यावर नेऊ नये.